ब्लॉक, रक्त की ताजा तुकडा? सोलापुरातून इम्युनोथेरपीच्या संशोधनाला नमुने देताना

सोलापुरातल्या कॅन्सर सर्जनला किंवा पॅथॉलॉजिस्टला पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेतून विचारणा होते, की इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचाराच्या) अभ्यासासाठी तुमच्याकडच्या रुग्णांचे नमुने द्याल का? द्यायचे तीन प्रकार आहेत: पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा), रक्त आणि ऑपरेशनमध्ये निघालेला ताजा तुकडा. तिन्ही एकदम अंगावर घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नमुना कोणता, यापेक्षा तो औषधाच्या पहिल्या डोसआधी घेतला की नंतर, हे जास्त महत्त्वाचं.

हे नमुने इथूनच का जायला हवेत? तंबाखू-मिश्रीमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे रोज दिसतो. डोक्या-मानेच्या, बऱ्या न होणाऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरवर टाटा मेमोरियलने केलेली चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांना निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची जोड दिली, तीही दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. ही मोठी गोष्ट आहे. तरीही निम्म्याहून जास्त जणांना ते वर्ष मिळालं नाही. गुण कोणाला येतो आणि कोणाला नाही, हे शोधायला त्यांच्याच पेशी लागतात.

ब्लॉक सगळ्यांत सोपा. तो निदानासाठी बनतोच, खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षं राहतो, कुरिअरने जातो. गाठीत टी-पेशी (कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) शिरल्या आहेत की कडेलाच थांबल्या आहेत, PD-L1 (त्यांना थोपवणारं प्रथिन) किती आहे, हे त्यातून कळतं. पेशी मात्र मेलेल्या असतात. त्या काय करू शकतात, हे ब्लॉक सांगत नाही. शिवाय ब्लॉक बिघडतो तो ऑपरेशन थिएटरमध्येच. जबड्यासकटचा मोठा नमुना न कापता छोट्या बरणीत कोंबला, वर फॉर्मॅलिन (नमुना टिकवणारं द्रावण) जेमतेम ओतलं, की झालं. फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटरच आत शिरतं, तोवर मधला भाग सडायला लागतो. नमुन्याच्या दहापट फॉर्मॅलिन हवं, गाठीला काप द्यायला हवेत, आणि फॉर्मॅलिनमधला वेळ सहा तासांपेक्षा कमी आणि बहात्तर तासांपेक्षा जास्त नको. शनिवारी संध्याकाळची केस सोमवारी दुपारी उघडली तरी चालते, बुधवारी नाही. अख्खा ब्लॉक कधीही देऊ नका. रुग्ण उद्या दुसरीकडे मत घ्यायला गेला तर तो त्यालाच लागेल. त्याचे पातळ काप काढून द्या.

रक्ताची गंमत वेगळी. हातातून दोन-तीन ट्यूब काढायच्या, एवढंच काम दिसतं. पण जिवंत टी-पेशी हव्या असतील तर घड्याळ सुरू होतं. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) हिरव्या बुचाच्या ट्यूबमधून पेशी शक्यतो आठ तासांत वेगळ्या व्हाव्यात, चोवीस तासांनंतर त्यांचा दर्जा बराच घसरतो. पुणे अडीचशे किलोमीटर, गाडीने चार-पाच तास. म्हणजे जमतं, पण नमुना सकाळी निघायला हवा. अनेकजण चांगल्या हेतूने ट्यूब बर्फावर ठेवतात. नेमकं तेच करायचं नाही. गारठलेल्या रक्तातून टी-पेशी नीट वेगळ्या होत नाहीत. 18 ते 25 अंश हवं. सोलापूरचा मे महिना चाळिशीपार असतो, त्यामुळे नुसता थर्माकोलचा डबा पुरत नाही. सुमारे 22 अंशांवर आणून ठेवलेले जेल पॅक आत लागतात. फक्त प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) हवा असेल तर जांभळ्या बुचाची ट्यूब काही तासांत सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून प्लाझ्मा उणे 80 ला ठेवला की पुरे. हे इथल्या चांगल्या लॅबला आजही जमेल.

ताज्या तुकड्यासारखं दुसरं काही नाही, हे खरं. गाठीच्या आतल्या टी-पेशी जिवंत मिळतात, त्या वाढवता येतात, एकेका पेशीतली जनुकं वाचता येतात. पण त्याला फॉर्मॅलिन लागता कामा नये, थंड माध्यमात चार अंशांवर ठेवून त्याच दिवशी पोचवावा लागतो. म्हणजे रक्त आणि तुकडा एकाच रुग्णाचे असले तरी डबे दोन. द्रवरूप नायट्रोजनमध्ये तुकडा तत्काळ गोठवणं हा मधला मार्ग आहे. पेशी मरतात, पण आरएनए (पेशीतली कोणती जनुकं चालू होती ते सांगणारा रेणू) टिकतो. (नायट्रोजन जिल्ह्याला नवा नाही, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो वापरतातच.) ऑपरेशन संपायची वेळ कोणाच्या हातात नसते, म्हणून थिएटरबाहेर एक माणूस दिवसभर मोकळा ठेवता येत नसेल तर हा पर्याय आज घेऊ नका.

मी असं ठरवेन: ब्लॉक आधीपासून आहेतच, त्यांना पहिल्या डोसच्या आधीचं रक्त जोडा. सलाईनसाठी सुई टोचतानाच ते घेता येतं, वेगळं टोचावं लागत नाही. पुढचं रक्त दुसऱ्या-तिसऱ्या डोसच्या वेळी. आधीची ट्यूब चुकली, तर नंतरच्या ट्यूबची तुलना करायला काहीच उरत नाही. ट्यूबवर तारखेसोबत वेळही लिहा.

या सगळ्याच्या आधी नीतिमत्ता समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती हवी. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडचे रुग्ण कन्नड. नुसता मराठी फॉर्म पुढे करून अंगठा घेऊ नये. त्यांच्या भाषेत, घरच्यांसमोर सांगावं: “काकू, ऑपरेशन तर होणारच आहे. तपासणीला लागून जेवढं उरेल, त्यातलंच थोडं घेऊ.”

“आणि नको म्हटलं तर?”

“तरी उपचार हेच आणि असेच होतील. आज हो म्हणून उद्या नको वाटलं, तरी सांगा. उरलेला नमुना वापरणार नाही.”