बाबांच्या छातीचा सीटी: सेंटर चांगलंय, पण जाताना जुने एक्सरे फोटो घेऊन जा

५ पैकी साडेतीन स्टार. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि आपल्या जिल्ह्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. कणकवली-कुडाळ पट्ट्यातलं सीटी सेंटर एवढंच समजा.

आधी झालं काय ते सांगतो. गावात टीबीची मोहीम आली होती, ते हातात धरायचं एक्सरे मशीन घेऊन फिरतात ना, शाळेच्या पडवीत सगळ्या म्हाताऱ्यांचे छातीचे फोटो काढले. फोटो आधी कॉम्प्युटरच वाचतो, एआय वालं सॉफ्टवेअर, १५ वर्षांवरच्या माणसांसाठी असली सॉफ्टवेअर वापरायला डब्ल्यूएचओने २०२१ मध्येच हिरवा कंदील दिलाय. तर त्या कॉम्प्युटरने बाबांच्या उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागावर लाल रंग टाकला. थुंकीची तपासणी झाली, ट्रूनॅटवर (थुंकीत टीबीचा जंतू आहे का ते शोधणारं हे मशीन आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे, मला पण तेव्हाच कळलं), ती निगेटिव्ह आली. मग गावातल्या डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितलं की डाग आहे, टीबी नाही, तर एकदा सीटी करून घ्या. डॉक्टरने चष्मा काढला की आमच्या घरात काय होतं ते विचारू नका. त्यात बाबांनी ४० वर्षं बिडी ओढलेली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या वाडीला "ता मोठा दुखणा", म्हणजे कॅन्सर, असल्याची बातमी पोचली.

फोनवर बुकिंग केलं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली चार तास उपाशी या. बाबांना शुगर, पहाटे साडेपाचला न खाता निघालो, देवगड-नांदगाव रस्त्याने पावसातून, आणि तिथे पोचल्यावर कळलं की चिठ्ठीवर प्लेन एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारीक चकत्यांचा सीटी, औषध न टोचता) लिहिलंय, त्याला उपाशी राहायची गरजच नसते! शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध द्यायचं असेल तर उपाशी ठेवतात, आधी क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी) पण बघतात. सरसकट सगळ्यांना उपाशी बोलवायचं म्हणजे यांची सोय, पेशंटचं काय. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा गाडीतला पार्ले-जी कामाला आला. एक स्टार इथे गेला.

बाकी जागा स्वच्छ. मशीनच्या खोलीत एसीचा गारठा एवढा की बाबा म्हणाले माका शाल दी, आणि टेक्निशियनने खरंच चादर आणून दिली. हा टेक्निशियन पोरगा एक नंबर. मशीन बोलतं हिंदीत, "सांस लीजिए, सांस रोकिए", आणि बाबांना ऐकू कमी येतं. श्वास मधेच सुटला तर चित्र हलतं आणि बारीक गोष्टी धूसर होतात. याने बाबांना झोपवून आधी तीन वेळा सराव करून घेतला, "आजोबांनू, भरून घेवा, आता धरा, मी सोडा म्हणासर सोडूचा नाय." मग आवाज वाढवून प्रत्यक्ष स्कॅन, तो मिनिटभरात संपला. बाबा बाहेर येऊन विचारतात, "झाला? एवढ्याचे साडेतीन हजार?" आता कोविडमध्ये २०२० साली सरकारने एचआरसीटीचे दर बांधून दिले होते, मशीनप्रमाणे २००० ते ३०००, त्या हिशोबाने आजचे ३५०० मला तरी फार वाटले नाहीत. बाबांना अजून वाटतात.

आता खरी गोष्ट. इथे रेडिओलॉजिस्ट मॅडम, म्हणजे ही चित्रं वाचणाऱ्या डॉक्टर, स्वतः बसतात (रोज नाही, वार विचारून जा), बऱ्याच ठिकाणी चित्रं ऑनलाईन बाहेर जातात आणि कुठूनतरी रिपोर्ट येतो, तो माणूस पेशंटचं तोंड पण बघत नाही. मॅडमनी बाबांना आत बोलावून विचारलं, आधी कधी छातीचा आजार झाला होता का? बाबा म्हणाले, नाय. मी म्हटलं बाबा, शिवडी? मग आठवलं. गिरणीत असताना, ८२ च्या संपाच्या आधी, टीबी झाला होता, शिवडीच्या हॉस्पिटलात काही महिने काढलेले. आमच्या घरात हा विषय कोणी काढत नाही, आईच्या माहेरी तर अजून माहीत नसेल.

मॅडमनी पुढचा प्रश्न केला, जुना फोटो आहे का एखादा? आहे, ट्रंकेत, घरी. फोनवर बुकिंग करताना कोणी एका शब्दाने सांगितलं असतं तर आणला नसता का? उपाशी या ते मात्र न विसरता सांगितलं. मग आईला फोन. आईने ट्रंक उघडली, शिवडीच्या फिल्म पावसाळ्यांच्या दमटीने एकमेकांना चिकटून पापड झालेल्या, पण २०१४ ची हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेली एक नीट होती. शेजारच्या पोराने ती खिडकीला धरून मोबाईलवर फोटो पाठवला, त्यात हृदय उजवीकडे! मी हादरलो, मॅडम हसल्या, म्हणाल्या फिल्म उलटी धरलीय, कोपऱ्यातलं डावं-उजवं सांगणारं अक्षर बघा आणि फिरवा.

फिरवली, तर तोच डाग. त्याच जागी, तेवढाच.

मग त्यांनी मला स्क्रीनवर दाखवलं, आणि हे मला जाम आवडलं. सीटी म्हणजे छातीच्या काकडीसारख्या चकत्या, एक-सव्वा मिलिमीटर जाडीच्या. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हाउन्सफिल्ड नावाच्या इंजिनियरच्या नावाने (सीटीसाठी त्याला १९७९ चं नोबेल मिळालं, हे घरी येऊन वाचलं). पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड आणि चुना (कॅल्शियम) शेकड्यांत वर. डागावर बाण नेला तर आकडा ६०० च्या वर. म्हणजे आत चुना साठलाय, जुन्या जखमेची खपली म्हणा. साध्या फोटोत पुढची हाडं मागची फुफ्फुसं सगळं एकावर एक दिसतं, त्यामुळे कॉम्प्युटरला पण नवीन-जुनं कळलं नाही, जुन्या टीबीच्या व्रणावर ही सॉफ्टवेअर अशी फसतात म्हणाल्या. त्याची चूक नाही, त्याने शंका काढली, पुढचं माणसाने बघायचं. घट्ट गाठ दोन वर्षं तश्शीच राहिली तर सहसा घाबरायचं नसतं, आमची तर दहा वर्षांवर तशीच आहे.

नाहीतर पुढे काय होतं? सुईने तुकडा काढायला कोल्हापूर, घाट उतरून-चढून, आणि बाबांचं वय ७२.

बिडीने मात्र आपलं काम केलेलंच आहे. वरच्या भागात फुफ्फुसाला काळी भोकं पडल्यासारखी दिसतात, एम्फिसीमा. ते आता भरून येत नाही. आणि न विचारता अजून एक सापडलं, हृदयाच्या रक्तवाहिनीत पण चुना. छातीचा सीटी करताना हृदय मधे असतंच, त्यामुळे दिसतं. इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितलाय.

रिपोर्टबद्दल नाराजी आहे. संध्याकाळी देतो म्हणाले. त्यात लाईट गेली, जुलै महिना आहे मान्य, पण फोन तरी उचला. दुसऱ्या दिवशी मी मूळ फिल्म घेऊन परत गेलो, कारण मॅडमना ती हातात बघूनच रिपोर्टात लिहायचं होतं, हे बरोबरच आहे, पण बाईकने जाऊन-येऊन १०० किलोमीटर माझे झाले. आणि सोबत दिली सीडी. सीडी! आता कुणाच्या लॅपटॉपला सीडी लागते? पेनड्राईव्ह द्या, लिंक द्या. गावातल्या डॉक्टरांनी ती सीडी उन्हात चमकवून बघितली आणि परत दिली.

वेटिंगमध्ये एक काका म्हणत होते एमआरआय करा, त्यात सगळं दिसतं. फुफ्फुसाचं नाही दिसत तेवढं, आत सगळी हवा, एमआरआय पाण्याच्या जोरावर चालतो. सोनोग्राफीचं पण तेच, हवेतून पलीकडे दिसत नाही, पण छातीत पाणी झालं असेल तर सोनोग्राफी बेस्ट. आणि "चेकअप म्हणून सहज सीटी" असली पॅकेजं पण घेऊ नका, छातीच्या एका फोटोत ०.१ मिलिसिव्हर्ट रेडिएशन असतं, छातीच्या साध्या सीटीत ५ ते ७. डॉक्टरने सांगितलं तर घाबरू नका, पण हौस म्हणून नको.

पार्किंग राहिलंच लिहायचं. समोर दोन गाड्या कशाबशा लागतात, आणि पहिला मजला, लिफ्ट आहे पण त्या दिवशी बंद होती. दम लागणारा पेशंट असेल तर आधी फोन करून विचारा. लवकर उचलत नाहीत, तीन-चारदा करा.