घनतेच्या मालिकांसाठी ‘डीपीएलआर’: वापरानंतरचा अभिप्राय

वृक्षवलयांच्या मोजमापांचे गणित करणारे ‘डीपीएलआर’ हे मोफत पॅकेज अँडी बन यांनी २००८ साली ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेच्या वापरकर्त्यांपुढे ठेवले. वलयांच्या रुंदीच्या, म्हणजे वर्षागणिक मोजमापांच्या, मालिकांसाठी मी ते डोळे मिटून वापरतो. या वेळी त्यात उत्तर स्वीडनमधील पाइनच्या कमाल घनतेच्या मालिका घातल्या आणि पायरीपायरीवर थांबावे लागले.

कमाल घनता म्हणजे उन्हाळा सरताना वलयाच्या बाहेरच्या कडेला तयार होणाऱ्या जाड भिंतींच्या पेशींची क्ष-किरणांनी मोजलेली घनता. थंड प्रदेशात उन्हाळी तापमानाचा माग रुंदीपेक्षा तिच्यात अधिक स्पष्ट लागतो. खोड जाड होत जाते तशी रुंदी आधी झपाट्याने घटते, म्हणून तिच्यावर ऋण घातांकी (आधी वेगाने, मग हळूहळू उतरणारा) वक्र बसवून वयाचा परिणाम काढतात. घनता मात्र सावकाश उतरते, तेव्हा तिथे सरळ रेषा किंवा ताठ स्प्लाइन (फारसा न वळणारा गुळगुळीत वक्र) बरा. शिवाय रुंदीचे चढउतार सरासरीबरोबर वाढतात, घनतेचे तितके नाही, त्यामुळे निर्देशांक, म्हणजे वयाचा परिणाम काढून उरणारे आकडे, मोजमापाला वक्राने भागण्याऐवजी त्यातून वक्र वजा करून काढलेले चांगले. पॅकेजमध्ये ही सोय आहे, पण ती आपण सांगितल्याशिवाय चालू होत नाही, आणि पहिल्या खेपेस मी ती सांगायला विसरलो.

फाइल वाचताना तर फारच जपावे. टक्सन पद्धतीच्या (वलयांची मोजमापे साठवण्याच्या एका रूढ मांडणीच्या) फाइलमध्ये मालिकेच्या शेवटी समाप्तीची खूण म्हणून ९९९ असेल तर आकड्यांना शंभराने आणि −९९९९ असेल तर हजाराने भागले जाते. कारण सारे काही मिलिमीटरमधील रुंदी आहे असे गृहीत धरलेले असते. ८५० लिहून शेवटी ९९९ ठेवले असेल, तर घन सेंटीमीटरला ०.८५ ग्रॅमऐवजी ८.५ ग्रॅम घनतेचे लाकूड पडद्यावर येते! लोखंडाची घनता ७.९ च्या आसपास असते.

कालनिश्चिती, म्हणजे प्रत्येक वलयाला दिलेले साल बरोबर आहे का, हे तपासणारे चित्र मात्र लाजवाब आहे. पन्नास-पन्नास वर्षांचे तुकडे इतर झाडांशी जुळले की निळे, न जुळले की लाल, अपुरे असले की हिरवे दिसतात. एखाद्या झाडाच्या पट्टीत ठरावीक सालापासून मागे सगळे लाल दिसले, तर तिथे वलय हुकले असावे अशी शंका घेऊन मूळ नमुना पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरावा.

सूचिपर्णी लाकडावर काम करणाऱ्यांनी हे पॅकेज जरूर वापरावे. सागवानाच्या वलयात मोठ्या वाहिन्यांची रांग असल्याने कमाल घनतेची ही रीत त्याला जशीच्या तशी लावू नये. सागासाठी मी अजून रुंदीवरच भागवतो.