'अस्टाउंडिंग' ते 'ॲनालॉग': जुने अंक काही महिने वापरल्यानंतर

'अस्टाउंडिंग' हे अमेरिकी विज्ञानकथा मासिक, १९६० मध्ये त्याचं नाव 'ॲनालॉग' झालं. त्याचे छापील अंक आणि स्कॅन प्रती, दोन्ही आलटूनपालटून वापरल्यावर मत असं: वाचायला स्कॅन बरे, पण मासिकाचा इतिहास समजून घ्यायचा तर कागदच हातात हवा.

मुख्य कारण आकार. जानेवारी १९३० चा पहिला अंक पल्प आकाराचा, म्हणजे सुमारे ७ बाय १० इंच. जानेवारी १९४२ मध्ये अंक एकदम मोठा होतो, १९४३ च्या मे महिन्यात पुन्हा पल्पवर येतो आणि युद्धकाळातल्या कागदटंचाईमुळे त्याच नोव्हेंबरपासून डायजेस्ट, म्हणजे छोट्या आकाराचा होतो. मार्च १९६३ ते मार्च १९६५ पुन्हा मोठा आकार. फ्रँक हर्बर्ट यांची 'द प्रॉफेट ऑफ ड्यून' ही मालिका जानेवारी ते मे १९६५ अशी चालली. तिचे पहिले तीन भाग मोठ्या अंकांत, शेवटचे दोन छोट्यात. स्कॅनमध्ये सगळी पानं सारखीच दिसतात, त्यामुळे हा बदल लक्षातच येत नाही. ठेवायला मात्र तीन मापांचे खोके लागतात.

एप्रिल ते सप्टेंबर १९३३ चे अंक शोधत बसू नका, ते निघालेच नाहीत. मासिकाची प्रकाशक क्लेटन कंपनी बुडाली आणि ऑक्टोबरमध्ये स्ट्रीट अँड स्मिथ या दुसऱ्या प्रकाशकाने मासिक पुन्हा सुरू केलं. संपादक जॉन कॅम्पबेल यांच्या काळातला खंड मार्च किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतो, जानेवारीत नाही. उदाहरणार्थ, जुलै १९३९ म्हणजे खंड २३, अंक ५. १९६० चे अंक तर सूच्यांमध्ये दोन्ही नावांखाली सापडतात, कारण काही महिने मुखपृष्ठावर जुन्या-नव्या नावांची अक्षरं एकमेकांत मिसळून छापली होती.

सगळ्यात मोठी फसगत ब्रिटिश आवृत्तीत. नाव तेच, मुखपृष्ठही बऱ्याचदा तेच, पण आत कथा गाळलेल्या आणि महिना अमेरिकी अंकाशी न जुळणारा. घेण्याआधी किंमत शिलिंग-पेन्समध्ये छापली आहे का ते बघा आणि अनुक्रमणिकेचा फोटो मागा.

पल्पचा स्वस्त कागद आम्लधर्मी. कडा तपकिरी होऊन भुगा पडतो आणि पिना गंजल्या की मुखपृष्ठ सुटतं. चिकटपट्टी अजिबात लावू नका, तिचा डिंक कागदात उतरतो. पॉलिएस्टरचं पाकीट, मागे आम्लरहित पुठ्ठा, अंक आडवा. पीव्हीसीचं पाकीट नको. पिना बाजूने मारलेल्या असल्यामुळे अंक पूर्ण उघडत नाही. जबरदस्ती केली तर कणा तुटतो, नाही केली तर स्कॅनमध्ये शिवणीजवळच्या ओळी वाकतात आणि शब्दशोधात तेच शब्द निसटतात.

जाहिरातींची पानं काढून टाकलेले स्कॅन घेऊ नका. 'ब्रास टॅक्स' हा पत्रव्यवहार आणि 'ॲनालिटिकल लॅबोरेटरी' हा वाचकांचा कौल दोन्ही शाबूत हवेत. एखाद्या अंकातली कोणती कथा तेव्हा गाजली, याचं उत्तर त्याच अंकात मिळत नाही. त्यासाठी पुढचे दोन-तीन अंक उघडावे लागतात.