प्लेस्टेशन ५: खेळायला उत्तम, बघायला मात्र टीव्हीच बरा

सोनीच्या प्लेस्टेशन ५ (पीएस ५) या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर, गेम कसे चालतात हे सांगणारे ढिगाने सापडतील. हॉलमधलं मुख्य यंत्र म्हणून तो किती कामाचा, ते मी सांगतो. आमच्या एकाच टीव्हीवर आई मालिका बघते, मुलगी रेसिंग खेळते आणि रात्री मी सिनेमे बघतो. नुसतं बघण्यासाठी कन्सोल लावणं आता आमच्या घरात जवळपास बंद झालंय.

टीव्हीच्या रिमोटवर नेटफ्लिक्सचं वेगळं बटण आहे. आई चष्मा न शोधताही ते बरोबर दाबते. कन्सोलवर आधी कंट्रोलर शोधा, पीएस बटण दाबा, प्रोफाइल निवडा, मग मीडियाच्या भागात जा. एवढं तिच्याकडून व्हायचं नाही आणि का व्हावं? शिवाय पीएस ५ ला डॉल्बी व्हिजन, म्हणजे उजेड-अंधारातले बारकावे नीट दाखवणारं चित्राचं तंत्र, नाही. तोच सिनेमा टीव्हीच्या अ‍ॅपवर डॉल्बी व्हिजनमध्ये लागतो, आणि अंधारातल्या प्रसंगांत काळ्या कोटाच्या घड्यासुद्धा नीट दिसतात.

पूर्वी असं नव्हतं. २००० साली आलेला पीएस २ कित्येकांनी डीव्हीडी बघता येते म्हणून घेतला. २००६ च्या पीएस ३ मध्ये ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीहून स्पष्ट चित्राची डिस्क, आला. २०१३ च्या एक्सबॉक्स वनला तर मायक्रोसॉफ्टने एचडीएमआय इनपुट (दुसऱ्या यंत्राचं चित्र आत घेणारा पोर्ट) दिला होता, सेट-टॉप बॉक्ससुद्धा त्यातूनच जावा म्हणून. त्यानंतरच्या, २०२० च्या एक्सबॉक्स सीरीज एक्समध्ये तो पोर्टच नाही! बघण्याच्या बाबतीत कन्सोलवाल्यांनी तेव्हाच माघार घेतली, असं मला वाटतं.

खेळण्याचं तसं नाही. टीव्हीवर क्लाउड गेमिंग, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचा गेम नेटवरून खेळणं, आलंय, सॅमसंगने तर २०२२ पासून गेमिंग हबच दिलाय. आमच्या टीव्हीवरही क्लाउडवरून गेम चालतात. पण पहिल्याच वळणावर मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी उशिरा वळतेय." बटणाचा सिग्नल दूरच्या सर्व्हरपर्यंत जाणार, तिथून चित्र परत येणार, तेवढा वेळ लागणारच. पत्त्यांच्या गेमला चालेल, रेसिंगला नाही. पीएस ५ वर तीच गाडी बोटाबरोबर वळते.

टीव्हीची खरी दुखणी नंतर कळतात. पॅनल, म्हणजे पडदा, वर्षानुवर्षं ठणठणीत राहतं, पण आतला प्रोसेसर मागे पडतो आणि अ‍ॅप अपडेट व्हायची थांबतात. बेडरूममधल्या जुन्या टीव्हीचं असंच झालं; त्याला जुना पीएस ४ जोडला आणि सगळं पुन्हा सुरू झालं. त्यामुळे नवा टीव्ही आला म्हणून जुना कन्सोल काढून टाकू नका.

पीएस ५ घेणारच असाल तर डिस्क ड्राइव्हवाला घ्या. ४के ब्लू-रेची डिस्क १०० जीबीपर्यंत असते आणि नेट गेलं तरी सिनेमा अडत नाही. ऑडिओ सीडी मात्र त्यावर वाजत नाहीत; गाण्यांच्या सीडी जपल्या असतील तर जुना प्लेअर राहू द्या.