आपली सरयू, आता श्रीलंकेची सयुरा: सेकंडहँड गस्ती जहाजाचा रिव्ह्यू

सेकंडहँड जहाज म्हटलं की लोक आधी तोफा मोजतात आणि तिथेच चुकतात. गस्तीचं जहाज बंदर सोडून किती लांब जातं ते आधी बघायचं, आणि त्यात सरयू खणखणीत आहे. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डात बांधलं, १९९१ ला नौदलात आलं, २००० साली श्रीलंकेला विकलं, म्हणजे जेमतेम ९ वर्षं वापरलेलं. नाव पण काय सुंदर बदललंय बघा, सरयू ही नदी आणि सिंहलीत सयुरा म्हणजे समुद्र.

१०१ मीटर लांब, दोन डिझेल इंजिनं, स्पीड २१ नॉट (म्हणजे तासाला २१ सागरी मैल), त्यामुळे स्पीडबोटीचा पाठलाग करायला हे जहाज नाहीच, पण १५ नॉटने चालवलं तर एकदा भरलेल्या इंधनावर जवळपास ५,८०० सागरी मैल जातं. याची किंमत २००७ मध्ये कळली. एलटीटीई या श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोर संघटनेची शस्त्रं भरलेली जहाजं किनाऱ्यापासून पार लांब उभी असायची, श्रीलंकेच्या छोट्या वेगवान बोटी किनाऱ्याजवळ भारी होत्या पण तिथवर पोचणारच कशा. त्या सप्टेंबरमध्ये तीन जहाजं बुडवली आणि ऑक्टोबरमध्ये आणखी एक, ते तर श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला असलेल्या डोंड्रापासून तब्बल १,७०० किमी दक्षिणेला, दोन्ही वेळा सयुरा होतीच.

मागचा भाग मला सगळ्यात आवडतो. चेतक हेलिकॉप्टर मावेल एवढं हँगर आणि त्याच्यापुढे मोकळं डेक. सरयू ज्या सुकन्या वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्याच्या जहाजांतली, त्याच वर्गातल्या सुभद्राच्या डेकवरून आपण धनुष क्षेपणास्त्राची चाचणी घेतली होती, यावरून सांगाडा किती दणकट असेल ते समजा.

कमी वाटते ती तोफ. एवढ्या मोठ्या जहाजावर मूळची एकच ४० एमएम बोफोर्स, समोर खरी युद्धनौका आली तर काही खरं नाही. अर्धा स्टार तिथे कापला, साडेचार दिले.

२००४ ला अमेरिकेने श्रीलंकेला दिलेलं समुदुरा जहाज पण चांगलंच आहे, पण ते ६४ मीटरचं आणि बांधणी साठच्या दशकातली. असं जुनं जहाज घेताना विकणाऱ्याकडे त्याच वर्गाची बाकीची जहाजं अजून चालू आहेत का ते आधी विचारायचं. सरयू दिली तेव्हा सुकन्या, शारदा, सुजाता सगळ्या आपल्या नौदलात धावत होत्या, म्हणजे पार्ट्स होते आणि ते इंजिन खोलून बसवणारे हात पण होते.