सेन्सर बिघडला होता, बिल ईसीएमचं लागलं

जुळे सोलापुरातल्या एका जुन्या पेट्रोल हॅचबॅकच्या मालकाला असं लुटलं. तक्रार साधी होती: सात रस्त्याकडे येताना वेग कमी करून क्लच दाबला की आरपीएम एकदम पडायचा, इंजिन बंद. उभ्या गाडीत आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहणं) ठणठणीत. स्पीडोमीटरचा काटाही मधूनच शून्यावर जायचा. ही जोडी दिसली की पहिला संशय व्हेइकल स्पीड सेन्सरवर घ्यायचा. गाडी पळतेय की थांबलीय हे ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, त्याच्याकडून कळतं, त्यावर तो आयडलची हवा सावरतो.

गॅरेजने थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारा भाग) साफ केली, मग आयडल व्हॉल्व्ह बदलला, शेवटी जुन्या बाजारातला ईसीएम बसवला. प्रत्येक वेळी गाडी देताना चेक इंजिनचा दिवा बंद! स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसला की दिवा विझतोच. स्पीड सेन्सरचा पी0500 हा कोड गाडी बऱ्यापैकी पळवल्याशिवाय परत येत नाही, गॅरेजभोवतीच्या फेरीत तर नाहीच. म्हणून पुसण्याआधी कोडचा फोटो काढून घ्या आणि ट्रायल होटगी रोडला, थांबत-थांबत घ्या.

तपासणीला मल्टिमीटर पुरतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो, तीन तारांचा. मागच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल. पुढचं एक चाक उचलून स्टँडवर घ्या. इंजिन बंद, चावी ऑन. सप्लायच्या तारेत साधारण 12 व्होल्ट हवेत (काही गाड्यांत 5). सप्लाय नसेल तर फ्यूज आणि वायरिंग बघा, सेन्सर निर्दोष असू शकतो. सप्लाय असेल तर सिग्नल आणि अर्थमध्ये मीटर लावून चाक हाताने हळू फिरवा. व्होल्टेज शून्याजवळून वर जाऊन परत खाली यायला हवं. ते एकाच जागी अडकलं तर सेन्सर किंवा त्याचं प्लास्टिकचं गिअर गेलं. या गाडीत गिअरचे दातच झिजले होते. कनेक्टरमध्ये गिअरबॉक्सचं ऑईल शिरलंय का, हेही बघावं. एबीएसच्या काही गाड्यांत वेग चाकाच्या सेन्सरवरून घेतात, तिथे हे लागू नाही.

बिलावर नुसतं 'स्पीड सेन्सर' लिहू देऊ नका. क्रँक सेन्सरही त्याच नावाने खपतो. पार्ट नंबर लिहून घ्या, काढलेला पार्ट परत मागा. ईसीएम बदललाच असेल तर मूळचा सोडू नका. इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) असलेल्या गाडीची चावी त्याच्याशीच जुळलेली असते.