पहिला डोझर कुठला घ्यायचा? कॅट डी११टी की कोमात्सु डी१५५एएक्स (१:५० डायकास्ट)

सांगलीत बसून डायकास्ट डोझर, म्हणजे खऱ्या बुलडोझरचं धातूत ओतलेलं छोटं मॉडेल, घ्यायचा म्हणजे दुकानात जाऊन हातात धरून बघायची सोय नाही, सगळं फोटोवरून ठरवायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. विचारणारे बहुतेक जण दोनच मॉडेलात अडकलेले असतात, डायकास्ट मास्टर्सचा कॅटरपिलर डी११टी आणि फर्स्ट गिअरचा कोमात्सु डी१५५एएक्स, दोन्ही १:५० चे. माझं मत आधीच सांगतो, कपाटात एकच डोझर राहणार असेल तर डी१५५ घ्या. डी११ वाईट आहे असं अजिबात नाही, उलट बघताक्षणी डोळे तिकडंच जातात, पण का ते पुढं वाचा.

आधी आकार. खरा डी११टी साधारण १०४ टनांचा आणि ८५० हॉर्सपॉवरचा, डी११ ची मालिका १९८६ ला डी११एन पासून सुरू झाली. डी१५५एएक्स साधारण ४० टनांचा. आता १:५० म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्हीला पन्नासनं भागायचं, म्हणजे घनफळ सव्वा लाख पटीनं कमी होतं. त्या हिशोबानं १०४ टनाचे होतात ८३० ग्रॅम आणि ४० टनाचे ३२० ग्रॅम. काट्यावर मॉडेलचं वजन बरोबर एवढंच भरेल असं नाही, ते झिंक अलॉयच्या ओतकामाची जाडी किती त्यावर जातं, पण शेजारी शेजारी ठेवल्यावर किती फरक दिसणार हे यातून कळतं. डी११टी चं मॉडेल पुढच्या ब्लेडच्या पात्यापासून रिपरच्या (मागचा जमीन फोडायचा दात) टोकापर्यंत साधारण २१ सेंटिमीटर भरतो आणि ब्लेडच ११-१२ सेंटिमीटर रुंद, त्यामुळं घरातल्या शोकेसची खोली आधी टेपनं मोजा, नाहीतर काच लागत नाही.

आता खरी गंमत चेनमध्ये, म्हणजे मशीन ज्यावर चालतं त्या पट्ट्यात, आहे आणि माझ्या मते निर्णय इथंच व्हायला पाहिजे. कॅटनं १९७० च्या दशकाच्या शेवटाला डी१० वर स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, उचलून वर नेलं, म्हणून त्याची आणि डी११ चीही चेन त्रिकोणी दिसते. कारण असं की खालच्या दगडधोंड्यांचा दणका रोलर आणि फ्रेमवर जातो, फायनल ड्राइव्हपर्यंत (स्प्रॉकेट फिरवणारे शेवटचे गिअर) पोचत नाही. कोमात्सुनं जुनी लांबट चेनच ठेवली, स्प्रॉकेट मागं खाली, आयडलर (चेन ताणून धरणारं मोकळं चाक) पुढं. मॉडेलमध्ये याचा परिणाम असा होतो की डी११ ची चेन वरनं तिरकी ताणलेली असते, ती ताठ राहिली तरी खटकत नाही, पण डी१५५ मध्ये वरची चेन आडवी जाते आणि खऱ्या मशीनवर ती कॅरियर रोलरच्या, म्हणजे वरची चेन पेलणाऱ्या रोलरच्या, दोन्ही बाजूला थोडी खाली लोंबलेली असते. मॉडेलची चेन कडक असेल तर ती कमानीसारखी वर उभी राहते आणि सगळं मशीन खोटं वाटायला लागतं. म्हणून डी१५५ चा फोटो बघताना बॉनेट, केबिन सगळं सोडा, बाजूनं काढलेला फोटो मागवा आणि वरची चेन बघा. ती नीट लोंबत असली ना, तर त्या मॉडेलसारखं देखणं मॉडेल नाही!

ब्लेडचंही तसंच. डी१५५एएक्स वर कोमात्सुचा सिग्माडोझर ब्लेड, त्याचा मधला भाग पुढं येऊन आधी खणतो आणि माल मध्ये गोळा होतो, त्यामुळं वरनं बघितलं तर ब्लेडची रेघ सरळ दिसत नाही. डी११ चा ब्लेड उंच, भिंतीसारखा, आणि मागं एकदांडी रिपर असलेलं मॉडेल बघितलं की दगड फोडायचं मशीन आहे हे सांगावं लागत नाही. दोन्हीकडं ब्लेड आणि रिपर वरखाली होतात. वर उचलून सोडल्यावर ब्लेड तिथंच थांबतो का, का हळूहळू खाली येतो, हे आल्या आल्या तपासा. सिलेंडरचा रॉड घट्ट बसलेला असला तर थांबतो. ढिला असला तर रोज बघताना चिडचिड होते.

मग डी१५५ च का? आपल्या भागात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची कामं बघितलेली माणसं घरोघरी आहेत. आमचे मामा कालव्याच्या कामावर ऑपरेटर होते, त्यांच्यासमोर डी११ ठेवला तर ते म्हणतील भारी आहे, पण डी१५५ ठेवला की लगेच हात पुढं करून कुठला लिव्हर कुठं असतो ते दाखवायला लागतात. बीईएमएल या सरकारी कंपनीचे डोझर कर्नाटकातल्या केजीएफच्या (कोलार गोल्ड फील्ड्स) कारखान्यातनं कोमात्सुच्या तंत्रावर बनत आले, त्यांचा बीडी१५५ याच घराण्यातला. मॉडेल हुबेहूब बीडी१५५ नाही, एएक्सची केबिन आणि ब्लेड नवीन आहेत, पण चेनची ठेवण ओळखीची. डी११ हा खाणीतला गडी, आपल्या हायवेच्या रुंदीकरणावर असलं धूड कुणी आणत नाही. ज्याला जगातली मोठी मशीनं जमवायची आहेत, पुढं जाऊन मायनिंग डंपर शेजारी लावायचा आहे, त्यानं मात्र बिनधास्त डी११ घ्यावा, तिथं डी१५५ बारका पडतो.

डी११ घेताना एक गोंधळ होतो. डायकास्ट मास्टर्सची हाय लाइन वेगळी आणि कोअर क्लासिक्स वेगळी, नाव सारखं वाटतं पण बारकावे आणि किंमत दोन्हीत फरक आहे, लिस्टिंगमध्ये सिरीजचं नाव वाचल्याशिवाय पैसे भरू नका. कॅटचं लायसन्स आधी नॉर्सकॉटकडं होतं, त्यांचे जुने डी११आर, डी११टी सेकंडहँड फिरत असतात, पेटी आणि हँडरेल शाबूत असतील तर ते वाईट नाहीत. सीसीएम या दुसऱ्या कंपनीची मॉडेल १:४८ ची असतात, कागदावर फरक थोडाच, पण १:५० च्या रांगेत तीच मशीन चार टक्के मोठी दिसते, मला ते सहन होत नाही. लहान मुलासाठी बघत असाल तर यातलं काहीच नको, ब्रुडरचा १:१६ चा प्लॅस्टिकचा डोझर घ्या आणि पोराला अंगणात माती ढकलू द्या.

पैशाचं बोलायचं तर बाहेरनं थेट मागवताना आयात शुल्काचा हिशोब आधी करा. खेळण्यांवरची बेसिक ड्युटी २०२० ला २० वरनं ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०, आणि छोटी मॉडेल्स त्याच वर्गात धरली जातात. एखादी वेबसाइट स्वस्त दिसते आणि घरी येईपर्यंत किंमत कुठल्या कुठं जाते. भारतातल्या विक्रेत्याचा भाव जास्त वाटला तरी ड्युटी धरून तुलना करा.

साताऱ्याकडचे, त्यातही घाटाखालचे लोक असाल तर पावसाळ्यात शोकेसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रबरी चेन असेल तर वर्षातनं दोन-चारदा थोडी फिरवा, एकाच जागी वाकून राहिली की तडे जातात. सांगलीवाल्यांना वेगळं सांगायला नको, २०१९ चा पूर बघितलाय, कपाटाचा खालचा कप्पा मॉडेलसाठी वापरूच नका. धूळ काढायला रंगकामाचा मऊ ब्रश, ओलं फडकं नाही, कारण हँडरेल पहिल्यांदा त्यातच मोडते.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडनं बाजूनं काढलेला फोटो, चेन मेटलची का रबराची, सिरीज कुठली, आणि ब्लेड उचलून ठेवलेला छोटा व्हिडिओ एवढं मागा. द्यायला टाळाटाळ केली तर दुसरा विक्रेता बघा.